पूर, हुरडा आणि एक छोटी शेगडी

आमच्या सांगलीत पावसाळा आला की बायकांच्या बोलण्यात दोन प्रश्न हमखास असतात. ‘पापड-कुरडया डब्यात गेल्या का?’ आणि ‘आयर्विनला पाणी किती फूट झालं?’ आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या गल्लीत नावा फिरल्या.

आमचं घर दोन मजली. स्वयंपाकघर खाली, वर दोन खोल्या. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तसं आम्ही सामान वर न्यायला लागलो. गव्हाचं पोतं नेलं, गाद्या नेल्या, कागदपत्रं नेली. यांनी टीव्ही नेला. गॅस मात्र खालीच राहिला, कारण वर गेल्यावर सगळ्यांना पुरावं म्हणून मी शेवटपर्यंत चपात्या लाटत होते! रात्री पाणी असं झपाट्यानं चढलं की सिलिंडर बंद करून तसंच वर पळावं लागलं. वीज गेलेली, त्यामुळे मुलीनं हट्टानं घ्यायला लावलेली इंडक्शन शेगडी वर असूनही शोभेची. समोर तांदूळ, डाळ, पीठ सगळं आहे आणि शिजवता काही येत नाही!

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. तोंडात दात नाहीत, त्यात साखरेचं दुखणं. दोन दिवस त्यांनी पाण्यात भिजवलेले पोहे खाल्ले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, घोटभर कढत पाणी तरी मिळंल का?” मैत्रिणींनो, इतकी वर्षं मी त्यांना ताटावर वाढलंय. त्या दिवशी मला त्यांना गरम पाणीसुद्धा देता आलं नाही. चौथ्या दिवशी बोट आली आणि आम्ही बाहेर पडलो. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

म्हणून पूर ओसरल्यावर, घरातला चिखल काढून झाल्यावर, मी पहिली खरेदी केली ती छोट्या शेगडीची. आणि तिथंच चुकले.

बाजारात छोटी सिलिंडरं मिळतात ना, दोन-तीन किलोची, वरच बर्नर बसवलेली? तसलं एक घेतलं. दुकानदार म्हणाला, “वहिनी, संपला की आणून द्या, इथंच भरून देतो.” स्वस्त वाटलं, सोयीचं वाटलं. त्यावर कंपनीचं नाव होतं का, तपासणीची तारीख होती का, काही पाहिलं नाही. साडी घेताना काठ उलटून बघणारी मी, पण ही वस्तू मात्र नुसत्या रंगावर घेतली!

पुढच्या जानेवारीत आमच्या बचत गटाची हुरड्याची सहल निघाली, कवठेमहांकाळकडच्या एका मळ्यात. चहासाठी म्हणून ती शेगडी मीच मोठ्या हौसेनं नेली. पातेलं चढवलं आणि दोन मिनिटांत बर्नरच्या खाली, मानेपाशी जाळ दिसायला लागला. जोडातून गॅस गळत होता. पातेलं उतरवायला गटातल्या एक मावशी पुढं झाल्या आणि जाळ त्यांच्या हातावर आला. मळ्यातल्या गड्यानं ओलं पोतं टाकून ते सिलिंडर आडोशाला लोटलं म्हणून बाकीच्या वाचलो. कुणी टूथपेस्ट आणायला धावलं, कुणी हळद. नशिबानं आमच्यात एक नर्सताई होत्या. त्यांनी मावशींच्या बांगड्या चटकन उतरवल्या आणि हात मोटरच्या धारेखाली वीस मिनिटं धरून ठेवला. भाजल्यावर पहिलं औषध म्हणजे साधं वाहतं पाणी, हे त्या दिवशी आम्ही सगळ्या शिकलो.

या मावशी पापड लाटून घर चालवतात. मनगट भाजल्यामुळे तीन आठवडे लाटणं बंद, म्हणजे तीन आठवड्यांची कमाई बंद. गटानं मदत केली, मीही केली. त्या मात्र एवढंच म्हणाल्या, “ताई, तुमी काय मुद्दाम केलं व्हय?” त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. गॅस एजन्सीत विचारलं, लग्नाच्या जेवणात डोशाचा काउंटर लावणाऱ्या आचाऱ्यांना विचारलं, किल्ल्यावर जाणाऱ्या भाच्याला विचारलं. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, बाजारात भरून मिळणारं सिलिंडर घेऊच नका. मोठ्या सिलिंडरमधून नळीनं छोट्यात गॅस काढणं हे बेकायदा आहे. त्यात किती भरलं याचा अंदाज नसतो. सिलिंडर कधीच काठोकाठ भरायचं नसतं, कारण ऊन लागलं की आतला द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. ती जागाच ठेवली नाही तर काय होईल, हे सांगायला नको. तपासणी नाही, झडप कुठली ते माहीत नाही. माझ्या शेगडीचं तेच झालं होतं.

मग घ्यायचं काय? तीन पर्याय आहेत.

एक, गॅस कंपनीचं ५ किलोचं सिलिंडर. एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवरही मिळतं. त्याला नेहमीच्या कनेक्शनसारखा पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. इंडियन ऑइलनं २०२० मध्ये त्याचं ‘छोटू’ असं बारसं केलं. शिकायला शहरात राहिलेली मुलं, बदलीवरचे लोक, गाडा लावणाऱ्या बायका, यांना हे उत्तम. रेग्युलेटर एजन्सीकडूनच घ्या, नळी आणि शेगडी आयएसआय खुणेचीच. गॅस बराच दिवस पुरतो. मात्र भरलेलं सिलिंडर उचलून जिना चढायचा तर कुणीतरी धडधाकट माणूस हवं.

दोन, ब्युटेनच्या कॅनवर चालणारी सपाट शेगडी. हॉटेलात टेबलावर ठेवतात ती. ब्रीफकेससारख्या डब्यात येते. डासांच्या फवाऱ्याच्या डब्याएवढा कॅन आडवा शेजारच्या कप्प्यात बसतो. एका कॅनमध्ये साधारण २२० ते २३० ग्रॅम गॅस असतो. ही कल्पना जपानची. तिथं १९६९ मध्ये इवातानी कंपनीनं नळी नसलेली अशी शेगडी आणली, कारण सगळ्यांनी टेबलाभोवती बसून शिजवत शिजवत जेवायची त्यांची पद्धत. १९९५ मध्ये कोबेला मोठा भूकंप झाला, तेव्हा घरोघर या शेगड्या कामाला आल्या. पण एका कंपनीचा कॅन दुसऱ्या शेगडीला बसेना, अशीही पंचाईत झाली. त्यानंतर तिथं कॅनचा आकार सगळ्यांना सारखा करण्यात आला. संकटात शेजारणीचा कॅन आपल्या शेगडीला बसायला हवा, हा धडा आपणही घेण्यासारखा आहे.

तीन, गिर्यारोहकांची छोटी शेगडी. बसक्या कॅनवर स्क्रूसारखी फिरवून बसवायची. मुठीत मावते, पण तिच्यावर एक-दोन माणसांचं छोटं भांडंच ठेवावं. सहा माणसांची खिचडी ठेवाल तर कलंडणार. ती किल्ल्यावर जाणाऱ्या मुलांसाठी ठीक.

मी दुसरी घेतली. ज्या घरात वीज जाते, पाणी येतं, वरच्या खोलीत दोन-तीन दिवस काढावे लागतात, किंवा वर्षातून दोन सहली होतात, तिथं ही सोयीची. पण रोजच्या स्वयंपाकाला नव्हे! हिशेब सांगते. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो तेवढा घ्यायला २२५ ग्रॅमचे ६३ कॅन लागतील. एका कॅनची किंमत विचारा आणि ६३ नं गुणा, म्हणजे डोळे उघडतील. मी एक कॅन लावून पाहिला. मोठ्या आचेवर सतत ठेवला तर सव्वा ते दीड तास. आच कमी-जास्त करत चार जणांचा दोन वेळचा चहा, पोहे, कुकरची खिचडी आणि सासूबाईंचं गरम पाणी, एवढं त्यात निभावलं. म्हणजे अडचणीच्या दिवसाला एक कॅन, असा माझा हिशेब. तीन दिवसांचे तीन आणि वर एक.

दुकानात गेलात की हे बघा. कॅन आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात मिळतो का, हे शेगडीच्या आधी विचारा. नाहीतर ऑनलाइन शेगडी स्वस्तात येते आणि कॅनसाठी वणवण. कॅनचा दाब वाढला तर गॅस आपोआप बंद करणारी सोय शेगडीत हवीच, ती नसेल तर घेऊ नका. बर्नरभोवती वाऱ्याचा आडोसा असेल तर उघड्यावर बरं पडतं. भांड्याचे पाय रुंद आणि घट्ट हवेत. आणि दुकानातच कॅन चार वेळा लावून-काढून बघा. लाजू नका, पैसे आपले असतात.

वापरताना मात्र डोळ्यांत तेल घालायला हवं. कॅनच्या कडेला एक खाच असते, ती वरच्या बाजूला आली पाहिजे. आतली नळी वरच्या अंगाला राहते आणि वायूच बाहेर येतो. खाच खाली गेली तर द्रव गॅस येऊन जाळ भडकू शकतो. मोठा तवा, परात, पसरट कढई ठेवू नका. भांडं कॅनच्या कप्प्यावर आलं की आच परतून कॅन तापतो, आणि तापलेला कॅन फुटतो. याच कारणानं दोन शेगड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत, की शेगडीभोवती पत्रे लावू नयेत. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. वास आला तर काडी ओढू नका, बटण दाबू नका, दारं-खिडक्या उघडा. आणि बंद खोलीत, तंबूत, गाडीत कधीही पेटवू नका. वासाची भीती दिसते तरी, पण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. ऊब घेत झोपलेली माणसं उठत नाहीत.

काम झालं की कॅन काढून ठेवायचा, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. रिकामा कॅन पुन्हा भरून आणायचा नाही. आणि आपल्याकडे सकाळी कचरा पेटवायची सवय असते ना, त्यात तर तो चुकूनही टाकू नका. बंबातही नको.

थंडीचंही एक सांगते. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वायू व्हायचंच थांबतो. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे शेगडी मंद जळली तर ती बिघडलेली नसते, कॅन गारठलेला असतो. कॅन आधी घरात, पांघरुणात ठेवावा. जाळावर किंवा उकळत्या पाण्यात कधीच धरू नये.

यात्रेला निघणाऱ्या मैत्रिणींना तर हात जोडून सांगणं आहे. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून आपण शेगडी बरोबर घेतो. पण रेल्वेत गॅस नेता येत नाही. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. विमानातही चालत नाही, आणि गर्दीच्या एसटीत तर विचारही नको. २६ ऑगस्ट २०२३ ला पहाटे मदुराई स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. लखनौहून निघालेली मंडळी होती. डब्यात लपवून आणलेला गॅस सिलिंडर होता. नऊ जणांचा जीव गेला. दशम्या, चटणी, लाडू घ्या. प्रवासात गरम नाही मिळालं तरी चालतं.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. मावशींचं घर नदीकडं, म्हणून त्यांना आदल्या दिवशीच आमच्याकडे वर बोलावून घेतलं. या वेळी शेगडी आणि चार कॅन आधीच वर होते. मी शेगडी बाहेर काढली तशा मावशी भिंतीला टेकून बसल्या. हातावरचा डाग अजून दिसत होता. मी काही बोलले नाही. खिडकी उघडली, खाच वर करून कॅन बसवला, दांडी खाली ओढली, वास घेतला, मग पेटवली. सासूबाईंना मऊ भात झाला, सगळ्यांना चहा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला भांड्याच्या आवाजानं जाग आली. मावशी शेगडीपाशी बसल्या होत्या. खिडकी उघडलेली होती, कॅन हातात होता. मला बघून म्हणाल्या, “ताई, खाच वरच न्हवं?”

म्हटलं, “वरच.”

त्यांनी कॅन बसवला आणि चहाचं आधण ठेवलं.