व्यवसाय कर आणि रोजगार हमी

घेतलेल्या कराचें सरकार काय करतें, हा शेतकऱ्याचा जुना प्रश्न आहे. महाराष्ट्रांतील व्यवसाय करापुरतें त्याचें उत्तर कायद्यांतच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ च्या उन्हाळ्यांत, सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. विधान परिषदेचे तत्कालीन सभापति वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्या सुमारास राज्यभर अंमलांत आली, आणि तिच्या खर्चासाठीं १९७५ मध्यें हा कर बसला. शहरांतील नोकरदार व व्यापारी यांनीं तो भरावा, सरकारनें तितकीच भर घालावी, आणि त्यांतून खेड्यांत बंधारे, पाझर तलाव व रस्ते व्हावे, अशी ही योजना. बागाइती जमिनींवरही तिच्यासाठीं उपकर बसला, हें आपण बागाइतदारांनीं सांगावयास हरकत नाहीं.

परंतु राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानें या करास मर्यादा घातली आहे. ती प्रथम सालीना २५० रुपये होती. १९८८ मध्यें २,५०० झाली व तेथेंच राहिली. मजुरीचे दर मात्र त्यानंतर कितीतरी पटींनीं चढले. घटनेंत दुरुस्ती झाल्यावांचून मुंबईच्या विधिमंडळास या मर्यादेपुढें एक रुपयाही जातां येत नाहीं.