बालशिक्षण, ख्रिस्ती

ख्रिस्ती संस्थांमधून साधारणतः तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना दिले जाणारे शालापूर्व शिक्षण व त्यांचे संगोपन. प्रार्थना व बायबलमधील गोष्टी हा त्याचा एक भाग असला, तरी त्याचा इतिहास मुख्यतः अध्यापनपद्धतीचा आहे. मोरेव्हियन धर्मगुरू कोमेनियस (१५९२–१६७०) याने आईची मांडी हीच पहिली शाळा मानली. आल्सेसमधील डोंगराळ भागात पाद्री ओबरलीन (१७४०–१८२६) याने शेतकऱ्यांच्या लहान मुलांसाठी विणकाम, गाणी व वनस्पतींची ओळख यांवर आधारलेल्या शाळा काढल्या. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याने १८४० मध्ये अशा शाळेस ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. चेंडू, ठोकळे, गाणी व बोटांचे खेळ ही त्याच्या पद्धतीची साधने होत.

मराठी प्रदेशात ही पद्धती रुजविण्याचे मोठे श्रेय पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांस द्यावे लागते. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या व अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी बालोद्यानपद्धतीचा रीतसर अभ्यास केला. मुलींसाठी मराठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी तेथेच हाती घेतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास व नंतर केडगावला गेले. सदनातील विधवांना बालोद्यानाच्या शिक्षिका करावे, ही त्यांची योजना विशेष लक्षणीय आहे. घरात जिला स्थान नव्हते, तिच्याच हाती मुलांचे पहिले शिक्षण सोपविण्याचा तो विचार होता.

सदनाने धार्मिक तटस्थतेचे वचन पाळले नाही, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी संस्थेशी संबंध तोडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद जाणत्या मुलींविषयी होता. तीन वर्षांच्या मुलाला होकार वा नकार देताच येत नाही, त्यामुळे त्याच्याबाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. शासनमान्य अथवा अनुदानित संस्थेत अज्ञान विद्यार्थ्यास धार्मिक शिक्षण देण्यास पालकाची संमती आवश्यक आहे, असे संविधानाचा अनुच्छेद २८ (३) सांगतो.

चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रदेशांत ख्रिस्ती कार्य जुने आहे. रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेवर ज्यांचा प्रभाव पडला, ते नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांनी काही काळ चांद्याच्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनमध्ये काम केले होते. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक चर्चने चांद्याचे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापिले. त्यास १९७७ मध्ये धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

या प्रदेशात बालशिक्षणाची, मग ते ख्रिस्ती असो वा शासकीय, खरी अडचण भाषेची आहे. गोंडी व माडिया या द्राविडी भाषा असून मराठीशी त्यांचे साम्य अल्प आहे. घरी पाण्याला ‘येर’ म्हणणारे मूल बालवाडीत मराठी वा इंग्रजी बडबडगीत ऐकते, तेव्हा त्याला केवळ नाद कळतो. चेंडूचा खेळ भाषेवाचून चालतो. गोष्ट चालत नाही, आणि फ्रोबेलच्या पद्धतीचा निम्मा भार गाण्यागोष्टींवरच आहे. ख्रिस्ती शिक्षिका पुष्कळदा परप्रांतीय असल्याने तिला मराठीही शिकावी लागते, मग गोंडीची पाळी येते. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कुरणशाळेद्वारा शिक्षण गुराख्या मुलांपाशी नेले. येथे मुलांच्या भाषेपाशी जावे लागते. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ मध्ये सुरू केलेली गोंडी माध्यमाची शाळा हा त्या दिशेचा, ख्रिस्ती परंपरेबाहेरचा, प्रयत्न होय.