एका फोनलाइनवरचा कट्टा

पालकहो, मुलांच्या ऑनलाइन कट्ट्याची गोष्ट तशी जुनीच. जानेवारी १९७८. शिकागोत बर्फाचं वादळ. घरात अडकलेल्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फोनवरून चालणारा पहिला संगणकी सूचनाफलक रचायला घेतला. १६ फेब्रुवारीला तो सुरूही झाला. मोडेमने फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला लिहायचा आणि फोन ठेवायचा. लाइन एकच! एक जण आत, बाकीच्यांना एंगेज टोन.

पुढे अमेरिकेतली हॅकर पोरं अशाच फलकांवर टोपणनावांनी जमू लागली. तिथे वयापेक्षा काय येतं याला मान. (वर्गात हे आपल्याला कुठे जमतं?) पण दूरगावचा कॉल महाग. म्हणून काहींनी फुकट फोनच्या चोरवाटा शोधल्या, फलकावर इतरांनाही शिकवल्या. १९९० मध्ये सिक्रेट सर्व्हिसने छापे घातले आणि फलक चालवणारे संगणकच उचलून नेले.