शुश्रूषेचे गणित

मध्यरात्र उलटून गेलेली असते. रुग्णालयातील कक्षाचे मोठे दिवे मालवलेले असतात. दोन्ही बाजूंच्या खाटांवर रुग्ण निजलेले असतात आणि त्यांच्यामधून एक परिचारिका सावकाश पावले टाकीत चाललेली असते. एखाद्या खाटेपाशी ती क्षणभर थांबते, रुग्णाच्या मनगटावर बोटे टेकविते, त्याच्या छातीच्या हालचालीकडे निरखून पाहते, नोंदपत्रकावर दोन आकडे लिहिते आणि पुढे जाते. पाहणाऱ्याला वाटावे, हिने विशेष असे काय केले? औषध दिले नाही, मलमपट्टी केली नाही, नुसते पाहिले!

परंतु मुलांनो, हे नुसते पाहणे हेच शुश्रूषेतील सर्वांत अवघड काम होय. शस्त्रक्रिया उत्तम पार पडलेल्या रुग्णाच्या पोटात कधीकधी आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. वरून काहीच दिसत नाही. मात्र त्याची नाडी जलद चालू लागते, हातपाय गार पडतात, श्वास वाढतो. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ पडून असताना मिनिटाला सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो. तोच आकडा पंचविसावर गेला, तर काहीतरी बिघडले आहे हे जाणत्या परिचारिकेच्या ध्यानात येते. रुग्ण स्वतः फार तर ‘मला बरे वाटत नाही’ एवढेच म्हणतो, आणि पुष्कळदा तेवढेही म्हणत नाही. डॉक्टर ठरावीक वेळी येऊन तपासून जातात. मधल्या लांबलचक तासांत हा बदल ओळखावयाचा कोणी? ज्यांना आपण सारे ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, त्या परिचारिकेनेच. तिने तो वेळेवर ओळखला तर डॉक्टरांना बोलाविता येते. दोन तास उशिराने ओळखला, तर बोलावूनही उपयोग होतोच असे नाही.

आता थोडे गणित करू. एका परिचारिकेकडे चार रुग्ण असतील, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. आठ रुग्ण असतील, तर साडेसात मिनिटे. तेवढ्यातच औषधे द्यावयाची, सलाईनची बाटली बदलावयाची, ज्याला कूस वळविता येत नाही त्याला वळवावयाचे, नातलगांच्या शंकांना उत्तरे द्यावयाची आणि सर्व काही लिहून ठेवावयाचे. मग निरखून पाहण्यास किती वेळ उरतो? आणि तो न उरल्याने खरोखरच कोणाचा जीव जातो काय? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊन चालत नाही. ते मोजूनच काढावे लागते.

रुग्णालयातील सुखदुःखे मोजता येतात, हे जगाला पटवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत. हाती दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणाऱ्या नाइटिंगेलबाईंचे चित्र तुम्ही पाहिले असेल. त्या चित्राने त्यांच्यावर थोडा अन्यायच केला आहे. त्यांच्या दुसऱ्या हातात आकडेमोडीची वही असावयास हवी होती.

क्रिमियाचे युद्ध चालू असताना नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील इंग्रज लष्कराच्या रुग्णालयात दाखल झाल्या. तेथील स्थिती भयंकर होती. सैनिक जमिनीवर पडलेले, अंथरूण नाही, साबण नाही, स्वच्छ कपडे नाहीत. परिचारिकांनी अहोरात्र कष्ट केले. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यूंची संख्या कमी न होता वाढतच गेली! कारण ती प्रचंड इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती, आणि पिण्याचे पाणी जेथून येई त्या वाटेत मेलेला घोडा कुजत पडला होता. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून स्वच्छता-तज्ज्ञांचे एक मंडळ आले. त्याने गटारे साफ करविली, घाण उपसून टाकली, खिडक्यांतून हवा खेळू दिली. आणि उन्हाळ्यापर्यंत मृत्यूंचे प्रमाण पार खाली आले.

युद्ध संपल्यावर मायदेशी परतलेल्या नाइटिंगेलबाई विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने हे सारे आकडे घेऊन बसल्या. १८५८ मध्ये त्यांनी एक आकृती प्रसिद्ध केली. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग. लाल रंग जखमांनी मेलेल्यांचा, निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा आणि काळा इतर कारणांचा. निळ्या रंगाने ती आकृती जवळजवळ व्यापूनच टाकली होती. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक पटकी, हगवण व ज्वर यांनी नेले होते. परिचारिकेची ममता कितीही थोर असली, तरी ज्या परिस्थितीत तिला काम करावे लागते ती वाईट असेल तर ममता अपुरी पडते, हे त्या निळ्या रंगाने दाखवून दिले. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली.

नंतरच्या शतकात रुग्णालये स्वच्छ झाली, नवी औषधे व यंत्रे आली. तथापि, एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवावेत, हा प्रश्न बराच काळ तसाच राहिला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लिंडा एकेन या संशोधिका आहेत. त्यांनी स्वतः परिचारिकेचे शिक्षण घेतलेले आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांची पाहणी केली. १०,१८४ परिचारिकांना प्रश्न विचारले आणि शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,३४२ रुग्णांची माहिती तपासली. तिचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेकडील रुग्णांत एकाची भर पडली, की रुग्णाला ३० दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळून आले.

या ७ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या. शंभरांतील सात रुग्ण दगावतात, असा तो नव्हे. त्या रुग्णालयांत दर शंभरांपैकी सुमारे दोन रुग्ण दगावले होते. समजा, चार रुग्णांमागे एक परिचारिका असताना हजारांतील २० रुग्ण दगावतात. मग आठ रुग्णांमागे एक परिचारिका असेल तर? वाढ ७ टक्क्यांची, पण ती चारदा, व्याजावर व्याज चढावे तशी चढत जाते. म्हणजे एकूण सुमारे ३१ टक्के. विसाचे जवळजवळ सव्वीस होतात. हजारांत सहा माणसे ही संख्या कागदावर लहान दिसते. ज्या सहा घरांतील ती माणसे असतात, त्या घरांना ती लहान वाटत नाही.

कोणी चौकस मुलगा विचारील, ‘एखाद्या रुग्णालयात मुळातच अधिक आजारी माणसे येत असतील, तर?’ शंका रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी रुग्णांचे वय, शस्त्रक्रियेचा प्रकार, त्यांचे जुने आजार या सर्वांचा हिशेब धरून सारख्याची तुलना सारख्याशी होईल अशी काळजी घेतली होती.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसून आली. रुग्णांत एकाची भर पडली, की परिचारिकेचे मन थकून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढत होता. हा मनाचा थकवा शरीराच्या थकव्याहून निराळा. दिवसभर खेळून दमलेला मुलगा रात्रीच्या झोपेनंतर ताजातवाना होतो. मनाचा हा थकवा मात्र झोपेने जात नाही. क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने सुसान जॅक्सन यांच्यासह १९८१ मध्ये तो मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्याचे एक लक्षण मोठे विलक्षण आहे. थकलेल्या मनाला समोरचा माणूस माणूस म्हणून दिसेनासा होतो. रुग्णाचे नाव मागे पडते आणि तो ‘बारा नंबरची खाट’ बनतो. परिचारिका वाईट असते म्हणून असे घडत नाही. रोज अनेकांचे दुःख पाहावयाचे आणि एकालाही मनाजोगता वेळ देता येऊ नये, या ओढाताणीतून मन आपला बचाव करू पाहते.

हा थकवा, घाई आणि व्यत्यय यांचे परिणाम मोजणाऱ्या इतरही पाहण्या झाल्या आहेत. अमेरिकेतील ३९३ परिचारिकांनी आपल्या कामाच्या तासांची व हातून घडलेल्या चुकांची रोजनिशी ठेविली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळी केली असता चूक होण्याचा संभव तिपटीने वाढतो, असे दिसले. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी ९८ परिचारिकांच्या मागे उभे राहून त्या औषधे कशी देतात हे टिपून घेतले आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध केले. बेरीज करीत असताना मध्येच कोणी हाक मारली, तर हातचा धरलेला आकडा तुम्ही विसरता ना? तसेच येथेही घडत होते. औषध देताना जितके अधिक व्यत्यय येत, तितक्या चुका वाढत. आपल्याकडे रुग्णाजवळ घरचे एखादे माणूस बसलेले असते, ते अशा वेळी पुष्कळ उपयोगी पडते. परंतु औषधाची मात्रा मोजणाऱ्या परिचारिकेला त्याच क्षणी हाक मारण्याचा मोह त्यालाही आवरत नाही!

नुसत्या तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही. परिस्थिती मुद्दाम बदलून पाहावी लागते. तशी संधी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात मिळाली. तेथे जुलै २०१६ पासून कायद्याने २७ सरकारी रुग्णालयांत प्रमाण ठरवून दिले गेले. दिवसा सरासरीने चार रुग्णांमागे एक व रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे ते होते. २८ रुग्णालयांना हा नियम लागू नव्हता. दोन्ही गटांची स्थिती २०१६ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये तपासली गेली आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. नियम लागू असलेल्या रुग्णालयांत मृत्यूचा संभव ११ टक्क्यांनी उतरला होता. दुसऱ्या गटात अशी घट दिसली नाही.

अधिक परिचारिका नेमावयाच्या म्हणजे अधिक वेतन द्यावे लागणार. सरकारी तिजोरीची काळजी वाहणाऱ्यांचा हा आक्षेप जुनाच आहे, आणि तो उडवून लावण्याजोगाही नाही. म्हणून संशोधकांनी तोही हिशेब मांडला. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले, आणि घरी गेलेले पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग टळले. त्यामुळे त्या २७ रुग्णालयांत रुग्णांचे खाटेवरील सुमारे २९ हजार दिवस वाचले. नव्या परिचारिकांवर जो खर्च झाला, त्याच्या सुमारे दुप्पट रक्कम त्यातून वाचली होती.