गरोदरपणात परिचारिकेचा सल्ला मोलाचा

मांद्रेहून म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जायचे तर चोपडे-शिवोली पुलावरून शापोरा नदी ओलांडावी लागते. बांबोळीचे गोमेकॉ त्याहून दूर. त्यामुळे घरातून तातडीने केव्हा निघायचे, हे गरोदर स्त्रीला आधीच ठाऊक असले पाहिजे. ते शिकवणे हा परिचारिकेच्या शुश्रूषेचाच भाग आहे.

प्रत्येक तपासणीत रक्तदाब, वजन व लघवी पाहिली जाते. रक्तदाब १४०/९० वर गेला तरी अनेकदा कोणताही त्रास जाणवत नाही. म्हणूनच ‘बरे वाटते’ म्हणून तपासणी चुकवू नये. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमहून कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो. लोहाच्या गोळीने शौचास काळे होते. त्याला घाबरून गोळी सोडू नये. ती चहासोबत घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.

तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, चेहऱ्यावर अचानक सूज, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. गरज पडल्यास १०८ वर रुग्णवाहिका मागवावी.

‘समजले का?’ या प्रश्नाला बहुतेक जणी मान डोलावतात. म्हणून जाणती परिचारिका विचारते, ‘रात्री रक्तस्राव झाला तर काय कराल?’ याचे उत्तर गरोदर स्त्रीइतकेच तिच्या पतीला आणि सासूलाही देता यायला हवे.