मोटारवाली बॉडी

काउंटरवर तीन कॅमेरे मांडलेत आणि भाचा तिन्हींकडे बघत नाहीये. त्याची नजर मागच्या कपाटात, वरच्या फळीवर उभ्या ठेवलेल्या हातभर लांब पांढऱ्या लेन्सवर आहे. दुकानदार मुरलेला. मान न वळवताच म्हणतो, "तिच्याकडे नका बघू भाऊ. तेवढ्यात गावाला चारचाकी येईल."

सीएसएमटीच्या समोरचा भुयारी मार्ग ओलांडून फोर्टात शिरलं की ही बोरा बाजारची गल्ली लागते. वर जुन्या इमारतींचे लाकडी सज्जे, खाली हातगाड्या, छापखान्यांचे कागदाचे गठ्ठे, आणि मधूनमधून कॅमेऱ्यांची दुकानं. नवं, जुनं, दुरुस्ती, भाड्याने, सगळं इथे होतं. लग्नाच्या सीझनआधी ठाणे-रायगडातले फोटोग्राफर इथे येऊन फ्लॅश बदलून नेतात. आज तुळशीची लग्नं उरकली आहेत, त्यामुळे गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही.

भाच्याच्या खिशात ४० हजार आहेत. भिशी लागली ती, आणि कंपनीतल्या ओव्हरटाइमचे साठवलेले. सकाळी वाशिंदच्या घरून निघताना ताईने उंबऱ्यातच बजावलंय, "चाळिसाच्या वर एक रुपया नाही. आणि जे आणाल त्याने घरात चार पैसे आले पाहिजेत." पहिलं वाक्य भाच्यासाठी होतं, दुसरं माझ्यासाठी. मी रोलच्या जमान्यात लग्नं काढलेली आहेत, म्हणून माझी नेमणूक.

अडचण अशी की भाच्याला पक्षी काढायचेत. भातसाच्या काठावरचा खंड्या, वीटभट्टीच्या तारेवर बसणारा नीलपंख, आणि जमलं तर तानसाच्या जंगलातला रानपिंगळा. मोबाइलमध्ये त्याने काढलेला खंड्या मी पाहिलाय. निळा ठिपका आहे. खंड्या आहे हे तो सांगतो म्हणून मानायचं.

पहिला कॅमेरा नवाकोरा, खोक्यासकट: कॅनन १५००डी, सोबत १८-५५ची लेन्स. कंपनीची वॉरंटी, १८ टक्के जीएसटी धरून किंमत चाळिसाला टेकलेली. दुसरा जुना पण नव्यासारखा निकॉन डी३५००. हलका, ओंजळीत मावणारा, काचेवर एक ओरखडा नाही. तिसरा निकॉन डी७२००, २०१५ सालचं मॉडेल. जड. उजव्या हाताच्या पकडीचं रबर कडेला किंचित सुटलेलं, कोपऱ्यांवरचा काळा रंग उडालेला.

"हा नको," भाचा तिसरा बाजूला सारतो. "किती वापरलाय बघ ना मामा."

मी तो उचलतो. डोक्यावर फ्लॅश बसवायची जी धातूची खाच असते, तिच्या दोन्ही कडांचा रंग साफ गेलाय आणि खालचं धातूचं अंग चमकतंय. म्हणजे हा कॅमेरा मांडवात राबलाय. फ्लॅश चढव, उतरव, चढव. मी दुकानदाराला एवढंच विचारतो, "लग्नवाल्याचा ना?" तो हसतो. "पनवेलचा होता. मिररलेस घेतला त्याने. सगळेच घेतायत, म्हणून तर हे खाली आले."

आपल्यासारख्यांची संधी इथे आहे. कॅनन, निकॉन दोघांनीही आपला मोर्चा बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळवल्यापासून आरसेवाले उतरत्या भावात निघालेत. डी७२०० नवा होता तेव्हा आमच्या ऐपतीतला नव्हता. त्याचं सेन्सर काही म्हातारं झालेलं नाही. २४ मेगापिक्सेल तेव्हाही होते, आजही आहेत. दुसऱ्यांच्या घाईचा फायदा घेण्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही.

आता तपासणी. दुकानदाराने ती करू दिली नसती तर आम्ही शेजारच्या दुकानात गेलो असतो. तो करू देतो. आधी तळाचे स्क्रू. त्यांच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी आत हात घातलाय. या खाचा स्वच्छ आहेत. मग लेन्स लावून, छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करून भाचा गल्लीच्या वरच्या आकाशाच्या पट्टीचा एक फोटो काढतो. पडद्यावर तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत नेला की सेन्सरवरची धूळ काळसर ठिपक्यांच्या रूपाने दिसते. दोन ठिपके सापडतात. पंपाने हवा मारल्यावर एक उडतो, दुसरा थोडा सरकतो. सरकणारा ठिपका म्हणजे धूळच, डाग नाही. मग तेच कार्ड दुकानाच्या लॅपटॉपला लावतो. निकॉनची एक सोय चांगली आहे, शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा ते फोटोच्या फाइलीतच लिहून ठेवतात. आकडा येतो ६१ हजार आणि वर काही. या मॉडेलचं शटर दीड लाखासाठी तपासलेलं असतं.

"पण मामा, डी३५०० हलका आहे. आणि नवा वाटतो."

मला यावर भाषण द्यायचं नाहीये. मी दुकानदाराला जुनी ५० एमएम, एफ १.८, डी वाली काढायला सांगतो. कपाटाच्या तळच्या खणातून ती निघते. मुठीत मावेल एवढी, छिद्राची कडी वेगळी असलेली, जुन्या घडणीची. मी ती आधी डी३५०० वर चढवतो. भाचा समोरच्या चहावाल्यावर रोखून बटण अर्धं दाबतो. काही होत नाही. पुन्हा दाबतो. चहावाला धूसर तो धूसरच.

मग डी७२०० वर. बटण दाबताच आतून घर्रर्र असा आवाज येतो, लेन्सची फोकसची कडी फिरते आणि चहावाल्याच्या मिशीचा केस न् केस जागेवर येतो.

"बॉडीत मोटार आहे याच्या," दुकानदार समजावतो. "त्या छोट्यात नाही. त्याला मोटारवाल्या लेन्साच घ्यायला लागतात, महाग."

कॅननचा हा प्रश्नच नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो. १९८७ पासून त्यांची मोटार लेन्समध्येच असते, कुठलीही ईएफ लेन्स कुठल्याही आरसेवाल्या ईओएसवर चालते. पण निकॉनचं तोंड १९५९ पासून तेच आहे, म्हणून जुन्या लेन्सा बाजारात पोत्याने पडल्यात. ज्याच्या बॉडीत मोटार त्याला त्या पोत्यात हात घालता येतो. कमी पैशांत कॅमेरा घ्यायचा तर पहिल्या खरेदीपेक्षा दुसरी आणि तिसरी खरेदी किती स्वस्त पडेल ते बघावं असं माझं मत आहे.

भाचा अजून पूर्ण वळलेला नाही. "पन्नासने पक्षी कसे येतील?"

"नाही येणार. हळद येईल."

आमच्या भागात हळदीची रात्र लग्नाहून मोठी. अंगणात मांडव, चार हॅलोजन, बँजो, आणि त्या पिवळ्या अंधारात नाचणारी दीडशे माणसं. १८-५५ची लेन्स पुढे ताणली की एफ ५.६ वर येते. एफ १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे ती लेन्स नाचणाऱ्याचा हात पुसून टाकते, तिथे ही हात गोठवते, बोटांवरच्या हळदीसकट. भाचा दोन सेकंद गप्प राहतो. मग विचारतो, "एका हळदीचे किती देतात?" मी आकडा सांगतो. तो मनातल्या मनात भागाकार करतोय हे त्याच्या ओठांवरून कळतं. वरच्या फळीवरची पांढरी राहू दे, ७०-३०० ची जुनी लेन्स पंधरा हजारांना आहे, ते त्याने मघाशीच विचारून घेतलंय.

टॉर्च पेटवून मी ५० एमएमच्या पोटात बघतो. मागची बारीक कळ बोटाने ढकलून पाती उघडायची आणि उजेड तिरका पाडायचा. बुरशी असली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. मुंबई-ठाण्याचा पावसाळा काढलेल्या लेन्सांत ती हमखास असते. दुकानदाराने दिलेली पहिली लेन्स मी परत करतो, कडेला तंतू आहेत. तो न बोलता दुसरी काढतो. ही साफ आहे.

घासाघीस ही माझ्या आवडीची गोष्ट, पण ती लांबवत नाही. बॉडी २९ वरून साडेसव्वीस. पन्नास एमएम सहा हजार. जुनी १८-५५ दोन हजार, कारण गटफोटोला रुंद काहीतरी लागणारच. हाताने जोर ठरवायचा साधा फ्लॅश अडीच हजार. दोन कार्डं बाराशे. या बॉडीला दोन खाचा आहेत, दोन्हींवर एकाच वेळी फोटो उतरवता येतात. लग्नाचे फोटो एकाच कार्डावर ठेवणाऱ्याला मी फोटोग्राफर म्हणत नाही. एकूण ३८ हजार २००. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा नंबर लिहून घेतो. शेजारी एक गिऱ्हाईक नव्या कॅमेऱ्याचं बिल न घेता दोन हजार वाचवतंय. कंपनीची वॉरंटी बिलाशिवाय चालत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

भुयारातून वर येताच भाचा पहिला फोटो काढतो: सीएसएमटीच्या घुमटावरची प्रगतीची मूर्ती. आणि लगेच घाबरतो. वरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी 'एफ ई ई' अशी अक्षरं लुकलुकतायत, शटर पडत नाही. ही या जुन्या लेन्सची खोड आहे. तिची छिद्राची कडी नारिंगी २२ वर नेऊन कुलूपबंद करायची असते. मग छिद्र बॉडी सांभाळते. तो कडी फिरवतो, खटका बसतो, मूर्ती कार्डावर उतरते.

कसारा लोकलमध्ये कल्याणपर्यंत बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. टिटवाळ्याला डबा मोकळा होतो आणि त्याची जीभही.

"मामा, रानपिंगळ्याला तीनशे पुरेल?"

पुरेल कदाचित. या सेन्सरवर ३०० म्हणजे साडेचारशेसारखी. त्याला रानपिंगळ्याची गोष्ट पाठ आहे, तरी मी ती त्याच्याकडून ऐकतो: १८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता, संपला असं मानलं गेलं होतं, आणि १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग वगैरे मंडळींना तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला. २०१४ मध्ये तो आपल्या तानसाच्या अभयारण्यात दिसला. हे सांगताना भाच्याचा आवाज असा चढतो जसा काही पक्षी त्यानेच पाहिलाय. दिवसाउजेडी फिरणारं घुबड आहे, म्हणून त्याची आशा. मी फक्त म्हणतो, मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलवायचं नाही. तो म्हणतो, "माहितीये."

खिडकीपलीकडे कापलेली भातखाचरं, भाऱ्यांची रांग, पहिल्या भट्टीचा धूर. हीच लाइन पुढे घाट चढून नाशिकला जाते. त्या बाजूच्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं आणि १९१२ मध्ये विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. आल्या आल्या त्यांनी पौराणिक पट नाही काढला. कुंडीतलं रोप उगवताना एकेक चौकट टिपली आणि ती दाखवून पैसे उभे केले. भाच्याला मी हे सांगतो. तो विचारतो, पॉलिसीवर कर्ज अजून मिळतं का? विषय मी बदलतो.

डावीकडे माहुलीची रांग येते, कडेला वजीर सुळका. त्या डोंगरावर नवरा, नवरी आणि भटजी असे तीन सुळके आहेत. मांडवाचं काम शिकायचं तर तालमीला पाहुणे तयार आहेत, आणि ते हलत नाहीत. भाचा हसतो.

घरी ताई कॅमेरा हातात घेत नाही, बिल घेते. खालचा आकडा बघते, १८०० परत मोजून घेते. मग फ्लॅशच्या खाचेवरचे ओरखडे बघून, "जुना दिलान वाटतं," म्हणते. मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या काकू येतात, सोबत नववीतली नात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर उद्याच फोटो चिकटवायचाय.

पांढरी चादर पडवीच्या भिंतीला लागते. उन्हं उतरलीयत, पडवीत मऊ उजेड आहे, फ्लॅशची गरज नाही. मुलीला भिंतीपासून दोन हात पुढे उभी करतो, म्हणजे मागे सावली पडत नाही. भाचा नव्या ऐटीत एफ १.८ वर पहिला फोटो काढतो. डोळे काचेसारखे, पापण्या मोजून घ्याव्यात. ताईसुद्धा वाकून बघते.

काकू चष्मा वर करतात. "आणि कान कुठं गेले हिचे?"

कान आहेत, पण धूसर. एवढ्या उघड्या छिद्राला डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतरही झेपत नाही. भाचा माझ्याकडे बघतो, मी चादरीची सुरकुती नीट करत राहतो. मग तो स्वतःच चाक फिरवतो, २.८, ४, ५.६, आणि मुलीला म्हणतो, "केस मागे घे गं. कान दिसले नाहीत तर फॉर्म परत येईल."

"पैसे किती?" काकू विचारतात.

"पहिला आहे, राहू दे," भाचा म्हणतो.

"तीस रुपये," आतून ताई म्हणते.