उभी राहिलेली फिएट सुरू करताना

मुंबई-पुण्यातील जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. मागच्या भिंतीलगत विरलेल्या ताडपत्रीखाली एक फिएट उभी असते. टायर बसलेले, बॉनेटवर कबुतरांची घाण, काचेच्या कडेला वाळलेली पाने. गाडी वडिलांनी घेतलेली. ती विकवत नाही आणि चालवायला कोणाला वेळ नाही. मग कधीतरी दिवाळीच्या सुटीत मुलाला किंवा नातवाला उत्साह येतो. नवी बॅटरी आणली जाते, टाकीत पाच लिटर पेट्रोल पडते आणि सगळे घर भोवती उभे असताना चावी फिरवली जाते. दहा वर्षांच्या मुक्कामात जेवढे नुकसान झालेले नसते, तेवढे अनेकदा या दहा सेकंदांत होते.

गाडी मुळात दणकट आहे, यात शंका नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली ही मोटार म्हणजे मूळची इटलीची फिएट ११००. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर, स्टेअरिंगच्या दांड्यावरचे गिअर. संगणक नाही, सेन्सर नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणजे उत्पादन थांबल्यानंतरही सुमारे दोन दशके ही गाडी रोजच्या धंद्यात राबत होती. त्यामुळे घरची पद्मिनी पुन्हा चालू होईल का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘होय’ असेच असते. मात्र त्यासाठी पहिल्या दिवशी चावी खिशातच ठेवावी लागते.

उभ्या गाडीत नेमके काय होते, ते आधी पाहू. इंजिन चालू असताना सिलिंडरच्या भिंतींवर, बेअरिंगवर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर ऑइलचा पातळ थर असतो. गाडी बंद पडली की हा थर हळूहळू खाली ओघळून तळाच्या चेंबरमध्ये जमा होतो. वर्षभरात वरचे भाग जवळजवळ कोरडे होतात. त्यात कोकण किनाऱ्याची दमट, खारी हवा. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह योगायोगाने उघडा राहिला असेल, त्यात ही हवा थेट शिरते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजाने चिकटतात. अशा अवस्थेत सेल्फ मारला, तर रिंग तुटू शकते, सिलिंडरवर ओरखडे पडतात किंवा अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतो. इंजिन सुरू झालेच, तरी बेअरिंगपर्यंत ऑइल पोचेस्तोवर धातू धातूवर घासत राहतो.

म्हणून पहिले काम म्हणजे इंजिन हाताने फिरते का, हे पाहणे. चारही प्लग काढावेत. कोणती वायर कोणत्या प्लगची, हे चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल आत सोडावे आणि गाडी किमान एक रात्र तशीच राहू द्यावी. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीवरील नटाला पाना लावून इंजिन हळूच फिरवावे. फिरले, तर निम्मी काळजी मिटली. फिरले नाही, तर जोर लावू नये. गंज सोडविणारे तेल पुन्हा आत सोडावे आणि थांबावे. दोन दिवस, आठवडा, प्रसंगी पंधरवडा. लांब दांडा लावून किंवा गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून चार जणांनी ढकलण्याचा जो प्रकार आपल्याकडे चालतो, त्यातून इंजिन कधी सुटते, पण कधी तुटतेही.

इंजिन मोकळे झाल्यावर जुने ऑइल काढून टाकावे. काठीवर ते स्वच्छ दिसले, तरी त्यात ओलावा आणि आम्ल साठलेले असते. येथे एका लोकप्रिय समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. ‘दर रविवारी पाच मिनिटे चालू करून ठेवत होतो’ असे अनेक मालक अभिमानाने सांगतात. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले, तर ती बाहेर पडते. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, आणि ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचत जाते. ज्यांच्या गाडीचा सायलेन्सर आतून कुजलेला निघतो, त्यांनी कारण शोधायला फार लांब जाऊ नये. गाडी चालवायचीच, तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी. नाहीतर तिला हात लावू नये.

आता पेट्रोलकडे वळू. जुन्या टाकीचे झाकण उघडताच वॉर्निशसारखा उग्र वास आला, तर ते पेट्रोल गेले असे समजावे. त्यातील लवकर पेटणारा हलका अंश उडून गेलेला असतो आणि उरलेल्या भागाचा डिंकासारखा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. ही छिद्रे केसाएवढी बारीक असतात. शिवाय आता इथेनॉलचा प्रश्न आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या पट्ट्याला ते वरदान ठरले असेल, पण पद्मिनीच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा यांची घडण झाली, तेव्हा कोणाच्या मनात इथेनॉल नव्हते. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते; पाणी पुरेसे जमले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. तेथूनच टाकी गंजायला लागते.

तेव्हा जुने पेट्रोल पूर्णपणे काढावे. तोंडाने नळीतून ओढण्याची सवय घातक आहे; हातपंप मिळत असताना तो धोका घेण्याचे कारण नाही. टाकी उतरवून आतून धुवावी, इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्यांनी बदलाव्यात, कार्ब्युरेटर उघडून साफ करावा. पंपाचा पडदा तर न पाहताच बदलावा. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला असतो. पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. ऑइलच्या काठीला पेट्रोलचा वास आल्यास सेल्फ मारू नये. हे काम सुरू असताना अग्निशामक नळकांडे जवळ असावे आणि बॅटरी जोडलेली नसावी.

प्रज्वलनाची बाजू त्या मानाने सोपी. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटवर हिरवट-पांढरा थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो निघतो, पण नवे पॉइंट आणि कंडेन्सर टाकणे अधिक शहाणपणाचे. वायरिंग मात्र डोळ्यांनी तपासावे. बॉनेटखालची ऊब आणि सीटमधला काथ्या उंदरांना फार प्रिय असतो, आणि कुरतडलेल्या वायरीने शॉर्टसर्किट होऊन जिवंत झालेली गाडी त्याच दिवशी जळू शकते. एअर फिल्टरच्या डब्यात घरटे सापडणेही नवलाचे नाही. रेडिएटरमध्ये आपल्याकडे वर्षानुवर्षे नळाचेच पाणी भरले जाई, त्यामुळे आत गाळ आणि क्षार असतातच. तो उलट्या दिशेने धुवून, रबरी पाइप आणि फॅन बेल्ट बदलून कूलंट भरावे.

आणि एवढे करूनही इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पाहावेत. येथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. इंजिन सुरू झाले नाही, तर गाडी जागच्या जागी राहते, कोणाचे काही बिघडत नाही. इंजिन सुरू झाले आणि ब्रेक लागले नाहीत, तर सोसायटीच्या उतारावर खेळणारी मुले समोर असतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. साध्या डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक दाबताना असे ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जाते. तोच ओलावा चाकांतील सिलिंडर आतून गंजवतो. ब्रेकची यंत्रणा एकच असलेल्या जुन्या गाड्यांत एका चाकाची रबरी वाटी फाटली, तरी चारही चाकांचे ब्रेक जातात.

म्हणून चारही ड्रम उघडावेत. हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल, तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले सापडतील. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर नवे किंवा नव्या रबरी किटसह, लवचिक नळ्या नव्या, ऑइल नवे. बाहेरून चांगली दिसणारी जुनी नळी आतून सुजलेली असते. ती दाब जाऊ देते, पण परत येऊ देत नाही, आणि ब्रेक लागलेलाच राहतो. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये; पक्के स्टँड लावावेत. टायरची खाच कितीही खोल असली, तरी भिंतीवर भेगा असतील, तर ते टाकून द्यावेत. २००० नंतरच्या टायरवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. दहा वर्षांपूर्वीचा टायर चालवण्याजोगा समजू नये.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ येथे हिंडल्यास रबरी किट, पॉइंट, पडदे अजून सापडतात. भागांपेक्षा दुर्मीळ झाला आहे तो पॉइंटमधले अंतर पातीने मोजून लावणारा मिस्त्री. संगणक जोडून दोष वाचणाऱ्या तरुण मेकॅनिकला कार्ब्युरेटर परका वाटतो, त्यात त्याचा दोष नाही. जुन्या टॅक्सी सांभाळलेला कोणी कारागीर माहीत असेल, तर त्याला गाठावे आणि त्याच्या वेळेने काम करू द्यावे.

इतके झाल्यावर चावीची पाळी येते. प्लग न लावता सेल्फ थोडा-थोडा फिरवावा. सिलिंडरमधले जास्तीचे ऑइल भोकांतून उडते, तेव्हा वर वाकून पाहू नये. डॅशबोर्डवरील ऑइलचा दिवा विझला की दाब आला. मग प्लग लावून, चोक ओढून गाडी सुरू करावी, आणि तीही मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये धुरातील कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. सुरुवातीला निळसर धूर निघेल, तो आत सोडलेल्या ऑइलचा. तो पंधरा-वीस मिनिटांत कमी व्हावा. पांढरी वाफ थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर गॅस्केट गेले. ऑइलचा दिवा पुन्हा लागला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे. रेस देण्याचा मोह आवरावा.

रस्त्यावर नेण्यापूर्वी कागद पाहावे लागतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. सोबत पर्यावरण कर, किमान त्रयस्थ पक्षाचा विमा आणि पीयूसी. २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या वाहनांच्या नूतनीकरणाचे शुल्क केंद्राने बरेच वाढविले, हे हिशेबात धरावे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते; मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणी संपलेली असेल, तर गाडी तपासणीला टोइंग करूनच न्यावी. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

पहिली फेरी इमारतीभोवती, दुसऱ्या गिअरपर्यंत. थांबून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्यावा. एखादा इतरांपेक्षा फार तापला असेल, तर तो ब्रेक धरून बसला आहे. जेथे गाडी उभी होती, तेथे रात्री पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावरच्या डागांवरून कोठून काय गळते, ते कळते. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर ऑइल पुन्हा एकदा बदलावे. ते काळे आणि गढूळ निघेल; त्यात लोखंडाचा कीस नसेल, तर त्याची चिंता करू नये.